आधी रडली, मग भाजी दिली

बंगळूरच्या कनकपुरा रस्त्यावरच्या बनशंकरीच्या देवळात मंगळवारी दुपारी तीन ते साडेचारच्या दरम्यान गेलात, तर पाय ठेवायला जागा नसते. तेव्हा राहुकाळ असतो. एरवी राहुकाळात आपण नव्या गाडीची किल्लीसुद्धा हातात घेत नाही, पण या देवीची पूजा नेमक्या त्याच वेळी करायची अशी इथली रीत. मंगळवार, शुक्रवार, रविवार या दिवशी राहुकाळ गाठून बायका येतात. अर्ध्या लिंबाचा रस पिळून काढायचा, साल उलटी करून तिची वाटी करायची, तीत तूप किंवा तेल घालून वात लावायची. असे लिंबाचे दिवे ओळीनं लागतात. परीक्षा जवळ आल्या की या गर्दीत शाळेच्या गणवेशातली मुलंही दिसू लागतात, आणि त्यांच्या मागे खांद्यावर हात ठेवून उभे असता तुम्ही. मीही उभी राहिलेली आहे. "डोळे मीट, हात जोड आणि देवीला सांग, गणिताचा पेपर सोपा येऊ दे." कानडी, तेलुगू, तमिळ, मराठी, ज्या भाषेत कान द्यावा त्या भाषेत हेच ऐकू येतं.

पालकहो, आज मला या एका वाक्याबद्दल तुमच्याशी बोलायचं आहे.

आधी एक सांगून टाकते. देवापुढे पदर पसरणाऱ्यांना हसणारी माणसं मला आवडत नाहीत. ज्याच्या घरी आजारपण आहे, ज्याची नोकरी डळमळते आहे, तो मागणारच. सगळं आपल्या हातात नाही हे कबूल केल्याशिवाय माणूस मागायला जात नाही, आणि ते कबूल करणं हीदेखील पूजाच आहे. माझी काळजी वेगळी आहे. घरात देवाशी जे काही बोलणं होतं ते सगळंच मागण्यांचं असेल, तर मूल त्यातून काय उचलतं? पास झाला तर अकरा नारळ, पहिला आला तर चांदीचा दिवा, असं ऐकत मोठं झालेलं मूल देवाकडे काम करून देणारा माणूस म्हणून बघायला लागतं. काम झालं की व्यवहार संपला. नाही झालं, तर फसवणूक. हव्या त्या कॉलेजात प्रवेश हुकलेला आमच्या ओळखीतला एक मुलगा फार शांतपणे म्हणाला होता, "इतके दिवे लावले आईनं, काही उपयोग झाला नाही." त्याच्या आवाजात राग नव्हता. दुकान बदलावं इतक्या सहज तो देवापासून दूर झाला होता. त्याला मी दोष कसा देऊ? त्याला देव दाखवलाच होता तसा.

ज्या देवीपुढे आपण त्यांना उभं करतो ती कोण, हेसुद्धा आपण मुलांना क्वचितच सांगतो. बंगळूरमधल्या मुलांच्या लेखी बनशंकरी म्हणजे मेट्रोच्या हिरव्या मार्गावरचं एक स्थानक, नाही तर बस बदलायची जागा. फार तर सेकंड स्टेज, थर्ड स्टेज अशा वस्त्या. इथलं देऊळ १९१५ सालचं. देवीचं मूळ ठाणं बागलकोट जिल्ह्यात, बदामीजवळच्या चोळचगुड्ड गावी. चालुक्यांच्या काळापासून तिची तिथे पूजा होते, आणि आज तिथे दिसणारं देऊळ १७५० मध्ये परशुराम आगळे या मराठा सरदारानं बांधवलं. तुमच्यापैकी ज्यांची कुलदेवता बदामीची बनशंकरी आहे, त्यांना तिथली पौषातली जत्रा सांगायला नको. रथ निघतो, नाटक कंपन्या आठवडेच्या आठवडे तळ ठोकून असतात, आणि देवळाबाहेर टोपल्या घेऊन बसलेल्या बायका ज्वारीची भाकरी, पालेभाजी आणि दही वाढून येणाऱ्याजाणाऱ्याला जेवू घालतात. जत्रेच्या वेळी तिथे 'पल्लेद हब्ब' असतो, म्हणजे भाज्यांचा सण. भाज्यांचे एकशे आठ पदार्थ करून देवीला नैवेद्य दाखवतात. आपल्याकडेही पौष शुद्ध अष्टमीपासून पौर्णिमेपर्यंत शाकंभरीचं नवरात्र असतं, आणि पौर्णिमेला घरोघरी जमतील तितक्या भाज्या होतात. देवी तीच.

भाज्याच का, याची कथा देवीभागवतात आहे. दुर्गम नावाच्या असुरानं वेद पळवले. यज्ञ थांबले, पाऊस थांबला. शंभर वर्षं पृथ्वीवर थेंब पडला नाही. विहिरी, नद्या आटल्या, माणसं आणि गुरं पटापट मरू लागली. ऋषींनी देवीचा धावा केला. ती आली तेव्हा तिच्या सर्वांगाला डोळे होते, म्हणून तिला शताक्षी म्हणतात. त्या सगळ्या डोळ्यांनी तिनं ती होरपळलेली जमीन पाहिली आणि तिला रडू फुटलं. नऊ रात्री ती रडत होती. त्या आसवांचाच पाऊस झाला, ओढे-नद्या वाहू लागल्या. मग तिनं स्वतःच्या अंगातून भाज्या, फळं, कंदमुळं काढून भुकेल्यांच्या हातावर ठेवली. ती शाकंभरी. असुराचा समाचार तिनं घेतला, पण तो सगळ्यात शेवटी.

ही कथा मी पुष्कळदा ऐकली होती, पण तिच्यातला क्रम फार उशिरा डोळ्यांत भरला. देवीनं आधी पाहिलं, मग ती रडली, मग तिनं खायला दिलं. समोर आलेल्या ऋषींना तिनं 'आजवर मी तुम्हाला काय काय दिलं ते आठवा बरं' असं म्हटलं नाही. शंभर वर्षं उपाशी असलेल्या माणसाकडून तिनं आधी आभार वसूल केले नाहीत.

आपण करतो. मूल शाळेतून तोंड पाडून येतं आणि म्हणतं, मला कुणी खेळायला घेत नाही. आपण म्हणतो, "अरे, निदान चांगली शाळा तरी आहे तुला! किती मुलांना तीही नसते. देवाचे आभार मान." ताटातली भाजी नको म्हटलं की जगातली सगळी उपाशी मुलं आपण त्या ताटाभोवती बोलावून आणतो. आमच्या लहानपणी काय होतं, आम्ही कंदिलाखाली अभ्यास कसा केला, हे पुराण तर प्रत्येक घरचं वेगळं आणि प्रत्येक घरचं सारखंच. यातलं खोटं काहीच नसतं. पण मुलाला ऐकू येतं ते इतकंच, की तुझ्या दुःखाला इथे जागा नाही. कृतज्ञता हा शब्द त्याच्या डोक्यात गप्प बसण्याशी जोडला जातो. पुढे देवापुढे हात जोडतानाही ते आतून गप्पच असतं.

याच घराण्यातला आणखी एक प्रकार मला जास्त खुपतो. घरी कामाला येणाऱ्या अक्कांची मुलगी कधी सुट्टीत त्यांच्याबरोबर येते, कोपऱ्यात बसून असते. आपण आपल्या मुलाला म्हणतो, "बघ तिच्याकडे. तिला सायकल आहे का? तुला देवानं किती दिलंय!" ती मुलगी हे ऐकत असते. तिला मराठी येत नसेल, पण बोट कुणाकडे आणि कशासाठी दाखवलं जातंय हे कळायला भाषा लागत नाही. तिच्या घरातली कमतरता ही आपल्या लेकराच्या संस्काराचं साहित्य झाली. आणि आपलं लेकरू हुशार असेल, तर ते विचारणारच, "मग देवानं तिला का नाही दिली?"

हा प्रश्न आला की बहुतेक आईबाप घाईघाईनं पूर्वजन्मापर्यंत जाऊन येतात. मला विचाराल, तर "मलाही कळत नाही रे" एवढं प्रामाणिक उत्तर पुरे. त्यानंतर अक्कांना महिन्याच्या सुट्ट्या पगारी करून द्या, आणि हे आपण का करतो आहोत ते मुलाला सांगा. त्याच्या प्रश्नाचं ते पूर्ण उत्तर नव्हे, पण तसबिरीपुढे हात जोडून दिलेल्या कुठल्याही उत्तरापेक्षा ते त्याला जास्त पटेल.

कृतज्ञ माणसानं तक्रार करू नये, हे आपण कुठून काढलं कोण जाणे. आपल्या संतांकडून तर नक्कीच नाही. १६३० च्या दुष्काळात तुकोबांचं घर उद्ध्वस्त झालं. पहिली बायको अन्नावाचून गेली, मुलगा गेला, व्यापार बुडाला, अब्रू गेली. हे त्यांनी झाकून ठेवलं नाही, अभंगांत सांगितलं. विठ्ठलाशी ते भांडले, त्याला नाही नाही ते बोलले. जनाबाई त्याला हक्कानं शिव्या घालते. नामदेव रुसतो. आणि हीच माणसं त्याचे उपकार आठवताना थकत नाहीत. ज्याच्याशी भांडता येतं त्याचेच आभार मनापासून मानता येतात, हे घरातल्या नात्यांत आपल्याला पक्कं ठाऊक असतं. देवघरात गेलं की आपण ते विसरतो आणि मुलांकडून शहाण्यासारखं वागण्याची अपेक्षा करतो.

तेव्हा आधी ऐकून घ्या. खेळायला कुणी घेत नाही, हे संध्याकाळभर ऐकावं लागलं तरी ऐका. आभाराचा विषय त्या दिवशी काढूच नका. दुसऱ्या दिवशी, नाही तर आठवड्यानं तेच मूल आपणहून सांगेल की आज अमक्यानं डब्यातला अर्धा लाडू दिला. तेव्हा फक्त एवढं म्हणा, "छान वाटलं ना? दिवा लावताना सांग देवाला." मागण्यांच्या यादीत नसलेली गोष्ट देवाला सांगायची पहिली सवय अशी लागते.

अनुभवातून शिकवायचं म्हटलं, तर या शहरानं आपल्याला अलीकडेच एक मोठा धडा दिला आहे. २०२४ चा उन्हाळा आठवा. बोअरवेल आटल्या, टँकरसाठी रांगा लागल्या, सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर पाण्याच्या वेळा फिरू लागल्या. पिण्याच्या पाण्यानं गाडी धुतली तर पाच हजार रुपये दंड, असं पाणीपुरवठा मंडळाला जाहीर करावं लागलं. त्या मार्चमध्ये घरातल्या लहानांनासुद्धा कळलं की नळ सोडल्यावर येतं ते पाणी कुठून तरी यावं लागतं. बंगळूरला कावेरीचं पाणी येतं ते मंड्या जिल्ह्यातल्या तोरेकाडनहळ्ळीहून, सुमारे शंभर किलोमीटरवरून आणि सुमारे पाचशे मीटर उंच चढून. मधे पंप आहेत, रात्रपाळीची माणसं आहेत, वीज आहे, आणि मुळाशी कोडगूमध्ये पडलेला पाऊस आहे. शंभर वर्षांच्या अवर्षणाची गोष्ट त्या उन्हाळ्यात मुलांना सांगितली असती, तर ती पुराणातली वाटली नसती. पण पाऊस आला, टाक्या भरल्या आणि आपण सगळेच विसरलो. माझ्या ओळखीतल्या एका घरात मात्र त्या उन्हाळ्यापासून सकाळी पूजेचा तांब्या भरताना मुलगी मोठ्यानं म्हणते, "कावेरी, थँक्यू." इंग्रजीत म्हणते म्हणून तिच्या आजीला आधी आवडलं नव्हतं. आता आजीही तसंच म्हणते.

देवाचे आभार आणि माणसांचे आभार वेगळे काढता येत नाहीत, हे शेतकऱ्याला शिकवावं लागत नाही. बनशंकरीपासून जवळच बसवनगुडीचा मोठा नंदी आहे. कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी तिथे 'कडलेकाई परिषे' भरते, भुईमुगाच्या शेंगांची जत्रा. एक बैल रोज रात्री येऊन शेंगांची शेतं फस्त करी, वैतागलेल्या शेतकऱ्यांनी त्याला आवरायला नंदीची प्रार्थना केली आणि पहिलं पीक नंदीला वाहायचं कबूल केलं, अशी गोष्ट सांगतात. त्या शेतांवर आता इमारती उभ्या आहेत, शेंगा बाहेरगावाहून येतात, पण पहिला वाटा नंदीचा, हे चालू आहे. कोकणात भाताच्या नव्या लोंब्या दाराला बांधतात, त्याच जातीची ही गोष्ट. मुलांना या परिषेला न्या. शेंगा विकणाऱ्या बाईला कुठून आलात हे विचारायला लावा, मोडक्या कानडीत का होईना. आयुधपूजेच्या दिवशी इथल्या बसगाड्या बघितल्यात का? केळीचे खांब, झेंडूच्या माळा, समोर फोडलेला कोहळा. जी गाडी वर्षभर पोट भरते तिला त्या दिवशी ओवाळायचं. रिक्षावाला हँडलला कुंकू लावताना कुठलंही मागणं म्हणत असेल, पण त्याचा हात मात्र आभारच मानत असतो.

जाता जाता एक चिमटा. आपण मराठी मंडळी या शहरात आजची नाही. १६३८ नंतर शहाजीराजांची जहागीर इथे होती, मल्लेश्वरमच्या काडू मल्लेश्वराच्या देवळाला एकोजीराजांनी १६६९ मध्ये गाव इनाम दिल्याचा शिलालेख आहे. एवढ्या जुन्या नात्याचा अभिमान आपण मंडळाच्या स्मरणिकेत लिहितो आणि जेवायच्या टेबलावर मात्र रोज इथल्या ट्रॅफिकला, इथल्या भाषेला, इथल्या सांबारातल्या गुळाला नावं ठेवतो. ज्या गावानं पोटाला लावलं त्याच्याबद्दल मुलं रात्री आठ वाजता हे ऐकतात, आणि साडेआठला आपण त्यांना आरतीला उभं करतो.

अलीकडे कृतज्ञतेच्या वह्या निघाल्या आहेत. त्यामागे अभ्यासही आहे. अमेरिकेतले रॉबर्ट एमन्स आणि मायकल मॅक्कलो यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ज्यांनी आपल्याला मिळालेल्या चांगल्या गोष्टी नियमित लिहिल्या, त्यांना आपल्या आयुष्याबद्दल जास्त समाधान वाटलं. कटकटी लिहिणाऱ्यांना कमी. ठीक आहे. पण ते प्रौढ होते आणि स्वतः लिहीत होते. तुमच्या मुलाकडून रोज झोपण्यापूर्वी पाच नोंदी लिहून घ्याल तर तो आणखी एक गृहपाठ होईल, आणि गृहपाठात मुलं काय लिहितात ते आपल्याला माहीत आहे. पहिल्या दिवशी आई, बाबा, देव, शाळा, मित्र. दुसऱ्या दिवशी तेच.

मुलं ऐकून शिकण्यापेक्षा बघून शिकतात, हे वाक्य गुळगुळीत झालं असलं तरी इथे सोडून चालत नाही. तुम्ही देवापुढे उभे असताना काय पुटपुटता ते त्यांना कधी ऐकू आलंय का? आपले आभार मनातल्या मनात असतात, आणि काळज्या मात्र मोठ्यानं. एखाद्या संध्याकाळी उलटं करून बघा. "आज रिपोर्ट चांगला आला, बरं वाटलं देवा." "शेजारच्या काकूंनी आईला दवाखान्यात नेलं, त्यांना सुखात ठेव." मुलानं मान वर करून बघितलं नाही, तरी कान इकडेच असतो. नवऱ्यानं बायकोला आणि बायकोनं नवऱ्याला घरात शेवटचं 'बरं झालं तू होतास' कधी म्हटलं, तेही या निमित्तानं आठवून पाहायला हरकत नाही.

आणि तेरा-चौदा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी 'मी देव मानत नाही' असं जाहीर करते तेव्हा? आजी डोळ्यांना पदर लावते, बाबा तत्त्वज्ञान काढतात, आणि आठवडाभर घर तापलेलं राहतं. मला त्यात घाबरण्यासारखं काही दिसत नाही. कुणापुढे हात जोडायचे हे ज्याचं त्यानं ठरवायचं वय ते. त्याला पूजेला बसवण्याचा हट्ट सोडा, पण नैवेद्याचं ताट खाली वॉचमनदादांना नेऊन देण्याचं काम त्याचंच ठेवा. ते तो करेल. बहुतेक वेळा खुशीनं करेल, आणि परत यायला अर्धा तास लावेल, कारण खाली गप्पा झालेल्या असतील.

पुढच्या पौषात शाकंभरी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी मुलांना घेऊन सारक्कीच्या बाजारात जा. भाज्यांचा हंगाम तेव्हा भरात असतो, आणि बंगळूरच्या रस्त्यांवर अवरेकाईचे ढीग लागलेले असतात. आपल्या पावट्याचीच ती बहीण. दाणे भिजवून चिमटीत दाबले की सालीतून टुणकन बाहेर उडतात. हे काम मुलांना द्या, निम्मे दाणे फरशीवर जातील. एकशे आठचा आकडा गाठायच्या नादाला लागू नका. दमलेली आई आणि चिडलेले बाबा देवीला नैवेद्यात नको असतील. होतील तेवढ्या भाज्या करा. ताट मांडल्यावर घरातल्या प्रत्येकानं या वर्षात आपल्यापर्यंत काय पोचलं आणि ते कुणाच्या हातून पोचलं, ते एक एक सांगावं. कुणाला तक्रार सांगायची असेल तर तीही सांगावी. नऊ रात्री रडलेल्या देवीला त्याचं काही वाटणार नाही.

त्या तक्रारीत कारल्याचं नाव आलं, तर हसू दाबा. ते ताटात टाकायचं की संपवायचं, हे देवीवर ढकलू नका. तो तुमचा आणि तुमच्या मुलांचा प्रश्न आहे.